तान्ह्या बाळाला घेऊन परदेशी वीकेंड: मराठवाड्यातून निघताना कोणतं काम आधी, कोणतं नंतर

तिकिटाची सूट दिसली की आधी तिकीट काढायचं आणि मग बाळाच्या पासपोर्टमागे धावायचं, हा उलटा क्रम आपल्याकडे सर्रास दिसतो. मग जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नाही हे ऐन वेळी कळतं आणि तिकिटाचे पैसे बुडतात.

दुसरी चूक हिशेबाची. दुबई मुंबईहून साधारण तीन तासांवर, एवढंच डोक्यात असतं. पण परभणीच्या बाळाचा प्रवास मुंबईत सुरू होत नाही, घराच्या उंबऱ्यात सुरू होतो. उंबऱ्यापासून हॉटेलच्या खोलीपर्यंत एकूण किती तास लागतील ते आधी कागदावर मांडा. नांदेडहून हा आकडा सहज चोवीस तासांच्या आसपास जातो. त्यामुळे आपल्याकडून 'वीकेंड' म्हणजे गुरुवार ते सोमवार असे पाच दिवस धरा. शनिवार-रविवारच्या सुट्टीत हे बसवायला गेलात तर बाळ आजारी पडेल आणि तुम्ही थकाल.

पुढचा क्रम साधारण तीन महिने ते दोन वर्षं वयाच्या बाळांसाठी आहे. माझ्या मते चार ते नऊ महिने हे सगळ्यात सोयीचं वय. दहा ते अठरा महिन्यांचं मूल मांडीवर टिकत नाही. ते जमणारच नाही असं नाही, पण विमानाचे तास कमी ठेवा.

## टप्पा १: जन्मदाखला आणि पासपोर्ट

पहिलं बाळंतपण बहुतेक माहेरी होतं. घर संभाजीनगरला आणि बाळाचा जन्म अंबाजोगाईचा. अशा वेळी दाखला अंबाजोगाईलाच मिळतो आणि त्यातली दुरुस्तीही तिथेच होते. संभाजीनगरच्या वॉर्ड ऑफिसात कितीही हेलपाटे घातले तरी उपयोग नाही. म्हणून बाळंतीण माहेरी असेपर्यंतच दाखल्याचं काम उरकून घ्या.

१ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. दवाखान्याचं कार्ड किंवा आधार त्या जागी चालत नाही. तेव्हा दाखला हातात घेऊन नीट वाचा.

बाळाचं नाव आहे का? दवाखान्यातून नोंद जाते तेव्हा नाव ठरलेलं नसतं. पुढे बारसं थाटात होतं, पण दाखल्यावरची नावाची जागा कोरीच राहते. नोंदणीपासून वर्षाच्या आत नाव घालायला शुल्क लागत नाही.

आई-वडिलांची नावं त्यांच्या पासपोर्टशी जुळतात का? दाखल्यावर 'सुनीताबाई' आणि पासपोर्टवर 'सुनीता', दाखल्यावर 'दत्तात्रयराव' आणि पासपोर्टवर नुसतं 'दत्तात्रय', असल्या फरकांनीच फायली अडतात. इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आईचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जवळ ठेवा.

दाखला चोख झाल्यावरच पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्ज भरा. अल्पवयीन मुलासाठी अ‍ॅनेक्शर डी हे घोषणापत्र लागतं, त्यावर दोन्ही पालकांच्या सह्या हव्यात. साध्या अर्जाचं शुल्क १,००० रुपये आहे, आठ वर्षांखालच्या मुलांना त्यात दहा टक्के सवलत मिळते. आई-वडिलांचे पासपोर्ट चालू असतील तर बाळासाठी पोलीस पडताळणी सहसा होत नाही. बाळाला मात्र केंद्रात प्रत्यक्ष न्यावं लागतं. अपॉइंटमेंट घेताना त्याच्या झोपेची वेळ टाळा.

आता फोटो. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो आपणच न्यायचा असतो, ४.५ बाय ३.५ सेंटिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. स्टुडिओत मांडीवर धरून काढलेल्या फोटोत आईचा हात दिसतो आणि फोटो बाद होतो. घरीच सकाळी खिडकीजवळ जमिनीवर पांढरी चादर घट्ट पसरा आणि बाळाला उताणं निजवा. काजळ पुसा, गालावरची तीट पुसा, टोपरं काढा. एकाने वरून सरळ फोटो काढायचा, दुसऱ्याने फोटो काढणाऱ्याच्या डोक्यामागून बांगड्या वाजवायच्या. बाळ वर बघतं, डोळे उघडे राहतात, तोंड मिटलेलं असतं. पाच-पन्नास फोटोंतून एक नक्की चांगला निघतो. फ्लॅश वापरू नका. हाच फोटो व्हिसालाही कामी येतो, फक्त त्या देशाचं माप पाहून कापून घ्या.

सावध: बाळाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, पण बहुतेक देश प्रवासाच्या दिवशी किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. आई-वडिलांचे पासपोर्टही त्याच दिवशी काढून तपासा. आजी सोबत येणार असेल तर तिचा पासपोर्ट सगळ्यात आधी करायला टाका, त्याला पोलीस पडताळणी लागते.

## टप्पा २: शहर कोणतं, आणि बाळाचा व्हिसा

शहर निवडताना तीन गोष्टी बघा: विमानाचे तास, घड्याळातला फरक आणि बाबागाडी चालेल असे फूटपाथ.

दुबई तीन तासांवर, आपल्यापेक्षा दीड तास मागे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे-जूनमध्ये तिथला पारा चाळिशीच्या वर असतो. परभणी-नांदेडच्या उन्हातून निघून त्याहून दमट उन्हात तान्ह्या बाळाला नेण्यात काही अर्थ नाही.

सिंगापूर साधारण साडेपाच तास, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. पाऊस कधीही येतो, पण बाबागाडीसाठी याहून चांगलं शहर या टापूत नाही. लिफ्ट आणि उतार जवळपास सगळीकडे आहेत, उघडी बाबागाडी बसमध्येही नेता येते.

बँकॉक स्वस्त पडतं म्हणून बरेच जण तिकडे वळतात. पहिल्या खेपेला मी ते सुचवणार नाही. फूटपाथ उंच-सखल आहेत, त्यावर टपऱ्या असतात, बाबागाडी उचलूनच न्यावी लागते. जायचंच असेल तर बाळ अंगाला बांधायचा कॅरिअर घ्या.

बाळ मांडीवर बसणार असलं तरी व्हिसा त्याचा त्याला लागतो. दुबई आणि सिंगापूरला निघण्याआधी घ्यावा लागतो. थायलंड आणि मलेशियाने गेल्या काही वर्षांत भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेश दिला, पण ही सवलत मुदतीची असते. तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहा. सिंगापूर, मलेशिया आणि थायलंडला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरायचं असतं. ते बाळाचंही वेगळं भरायचं. सरकारी संकेतस्थळावर ते फुकट आहे, पैसे मागणारं पान उघडलं तर बंद करा.

आई किंवा वडील यांपैकी एकच जण बाळाला नेणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र इंग्रजीत करून घ्या.

## टप्पा ३: बालरोगतज्ज्ञांकडे एक फेरी

तिकिटाआधी ही फेरी करा, आणि निघायच्या किमान चार-सहा आठवडे आधी. लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. आपल्याकडे गोवराची पहिली लस नऊ महिन्यांनंतर देतात. बाळ सहा महिन्यांवरचं असेल तर ती प्रवासाआधी घ्यावी का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर चालते, पण पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून हा वेळ हाताशी हवा. लस दिल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत ताप येऊ शकतो, त्या दिवसांत प्रवास ठेवू नका. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, किंवा हृदयाचा अथवा फुप्फुसाचा त्रास असेल, तर विमान चालेल का हे डॉक्टरच ठरवतील.

तापाच्या औषधाचा डोस बाळाच्या आजच्या वजनावरून कागदावर लिहून घ्या, औषधाच्या बाटलीचं नाव आणि ताकद घालून. पॅरासिटामॉलच्या थेंबांत साधारणपणे एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं, आणि नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५. म्हणजे थेंब चौपट तीव्र. सिरपच्या मापाने थेंब दिले गेले तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. परदेशात रात्री दोन वाजता, अर्धवट झोपेत हीच चूक होते. दोन्हींपैकी एकच बाटली न्या आणि तिच्यासोबत आलेलंच ड्रॉपर वापरा.

सावध: बाळ विमानात झोपावं म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध देऊ नका, कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिलेला आहे.

## टप्पा ४: तिकीट, आता

दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं आणि त्याचं भाडं कमी असतं. वय परतीच्या दिवसाचं धरतात. जाताना दोन वर्षांना चार दिवस कमी आणि येताना दोन पूर्ण, अशी स्थिती असेल तर परतीला पूर्ण सीट लागते.

पाळणा हवा असेल, म्हणजे समोरच्या भिंतीला अडकवतात तो बॅसिनेट, तर तिकीट काढल्याबरोबर विमान कंपनीला फोन करा. तो मोठ्या विमानांतच असतो, जागा मोजक्या असतात, आणि वजनाची मर्यादा बहुधा दहा-अकरा किलोच्या आसपास असते. एका मार्गिकेच्या लहान विमानात तो नसतोच. स्वस्त तिकीट बहुतेक अशाच विमानाचं असतं, तेव्हा विमानाचा प्रकार पाहून घ्या.

वेळ निवडताना नुसतं भाडं पाहू नका. पहाटे चारचं विमान स्वस्त दिसतं. पण ते सकाळी सहाला दुबईत उतरवतं, हॉटेलची खोली दुपारी तीनला मिळते, आणि मधले नऊ तास रडणाऱ्या बाळाला घेऊन लॉबीत बसावं लागतं. एक तर दुपारी उतरणारं विमान घ्या, नाही तर आदल्या रात्रीचंही खोलीभाडं भरा. हॉटेल मेट्रो स्टेशनपासून पायी अंतरावर घ्या आणि बाळाच्या पलंगाची मागणी बुकिंगमध्येच लिहा. दुबईत बर दुबई किंवा करामा, सिंगापुरात लिटल इंडिया भागात उतरलात तर मऊ भात आणि वरण चार पावलांवर मिळतं.

प्रवास विम्यात बाळाचं नाव वेगळं घाला. काही पॉलिसी ठरावीक वयाखालच्या बाळाला घेतच नाहीत, ती अट पैसे भरण्याआधी वाचा.

## टप्पा ५: घरापासून विमानतळापर्यंत

सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच टप्प्याकडे होतं आणि बाळं इथेच बिघडतात.

आधी विमानतळ. मराठवाड्यात सवयीने मुंबई म्हणतात. पण नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर या पट्ट्यातल्यांना हैदराबाद कितीतरी जवळ आहे, आणि तिथल्या शमशाबाद विमानतळावरून दुबई, सिंगापूर, बँकॉकला थेट विमानं आहेत. भाडं थोडं जास्त दिसलं तरी हैदराबादचाच विचार करा. संभाजीनगर, जालना, बीडकरांना मुंबई ठीक. तिकिटावर मुंबई आहे की नवी मुंबई, हेही वाचा.

रेल्वेने जाणार असाल तर नांदेड-मुंबई वंदे भारत पहाटे निघून दुपारी मुंबईत पोहोचते. दिवसाचा प्रवास असल्याने बाळाला सोपा जातो. रात्रीच्या गाडीत खालचे बर्थ मिळाले तरच जा. सहारच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलला जायचं असेल तर सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, ठाण्याला किंवा दादरला उतरून टॅक्सी करा. समृद्धी महामार्गाने गाडी नेत असाल तर दूध पाजायला दर दोन तासांनी थांबा, आणि थांबा वाहनतळाच्या जागीच, रस्त्याच्या कडेला नाही. बाळ पुढच्या सीटवर मांडीत नको, मागे चाइल्ड सीटमध्ये हवं.

ज्या दिवशी विमान त्याच दिवशी घरून निघायचं, हा बेत टाळा. गाडी तीन तास लेट झाली की सगळं कोसळतं. आदली रात्र विमानतळाजवळ काढा. बाळ आंघोळ करून, पोटभर झोपून विमानात बसतं. त्या एका रात्रीचे पैसे सत्कारणी लागतात.

पडताळा: उंबऱ्यापासून खोलीपर्यंतच्या सगळ्या वेळा एका कागदावर मांडा आणि शेजारी बाळाच्या दूध-झोपेच्या वेळा लिहा. सलग सहा तासांत बाळाला आडवं निजवायची सोयच दिसत नसेल तर बेत बदला.

## टप्पा ६: बॅग भरणे, आणि घरी ठेवायच्या वस्तू

काय न्यायचं यापेक्षा काय न्यायचं नाही हे इथे महत्त्वाचं, म्हणून तेच आधी.

बाळंतिणीसाठी आजी डिंकाचे लाडू बांधून देते. त्यात खसखस असते. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर या दोन्ही ठिकाणी खसखशीला बंदी आहे आणि तिथे हा गंभीर गुन्हा धरला जातो. लाडू, गरम मसाला, काळा मसाला, अनारसे, सगळं घरी. आजीला वाईट वाटेल, पण यात तडजोड नाही. खसखस न घालता दोन-चार लाडू वेगळे बांधून मिळाले तर छानच. गुटीची मुळं आणि सहाणही घरी ठेवा. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, तो परदेशातही नाही आणि इथेही नाही.

वाळे, करदोटा, बिंदल्या निघायच्या आदल्या दिवशीच काढून ठेवा. सुरक्षा तपासणीत प्रत्येक दाराशी ते वाजतात आणि झोपलेलं बाळ उठतं.

हातातल्या बॅगेत प्रवासाच्या तासांना पुरतील एवढे डायपर आणि वर सहा, बाळाचे दोन जोड कपडे, आईचा एक कुर्ता, वडिलांचा एक शर्ट, पातळ पांघरूण, पायमोजे, टोपरं. मॉलमध्ये आणि विमानात एसीचा गारवा जबर असतो. ओआरएसच्या पुड्या, थर्मामीटर, डॉक्टरांची चिठ्ठी. पॉवर बँकही याच बॅगेत, सामानात दिलेली चालत नाही. डायपरची गठडी घरून वाहू नका, तिथे कोपऱ्यावर मिळतात. पावडरचं दूध मात्र बाळ पितं त्याच ब्रँडचं, सीलबंद, पूर्ण मुक्कामाचं न्या. सहा महिन्यांवरच्या बाळाला नाचणीसत्त्व आणि भाजलेल्या मूगडाळ-तांदळाची भरड पुरते. हॉटेलच्या किटलीतल्या उकळत्या पाण्यात झाकून ठेवली की पेज होते. निघण्याआधी घरी तशीच एकदा करून बघा, बाळ खातं का ते कळेल.

## टप्पा ७: विमानतळ आणि विमान

तीन तास आधी पोहोचा. बाळालाही बोर्डिंग पास मिळतो, तो मागून घ्या. बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येईल का ते काउंटरवरच विचारा आणि टॅग लावून घ्या. द्रवाची १०० मिलिलिटरची मर्यादा बाळाच्या दुधाला आणि औषधाला प्रवासाच्या गरजेपुरती लागू होत नाही, पण ते बॅगेतून काढून स्वतःहून दाखवायचं असतं. थर्मास रिकामा न्या, गरम पाणी विमानात मागा आणि मनगटावर थेंब टाकून बघा.

कान दुखून बाळ रडतं ते चढताना आणि त्याहून जास्त उतरताना. गिळल्याने कान मोकळे होतात, म्हणून दूध या दोन वेळांसाठी राखून ठेवा. लोक विमान धावपट्टीवर उभं असतानाच पाजतात. उड्डाण तोवर अर्धा तास लांबतं आणि ऐन वेळी बाळाचं पोट भरलेलं असतं. चाकं जमीन सोडताना पाजायला घ्या. उतरणं जमिनीला टेकायच्या साधारण अर्धा तास आधीच सुरू होतं, कॅप्टनची घोषणा झाली की पाजा.

बाळाचा पट्टा वेगळा मिळतो, तो आईच्या पट्ट्याला जोडायचा असतो. आपल्या पट्ट्यात बाळाला गुंडाळू नका, धक्का बसला तर मोठ्यांचं वजन बाळावर येतं.

## टप्पा ८: तिथले दोन दिवस

दुबईत बाळाचं घड्याळ भारताचंच राहू द्या. इथलं रात्री आठचं झोपणं तिथे साडेसहाला येतं आणि सकाळी सहाची जाग तिथे साडेचारला. त्याप्रमाणे सकाळी लवकर बाहेर पडा, दुपारी खोलीवर या, संध्याकाळी तासभर फिरा. दोन-तीन दिवसांसाठी बाळाची वेळ सरकवायला गेलात तर ती सरकेपर्यंत परतीचं विमान येतं. सिंगापुरात उलट: सकाळी बाळ उशिरा उठेल, उठू द्या.

दिवसात ठिकाणं दोनच, त्यातलं एक मोकळ्या हवेतलं. सिंगापुरात सकाळी बोटॅनिक गार्डन आणि चारनंतर गार्डन्स बाय द बे, एवढं पुष्कळ झालं. दुबई मॉलमध्ये बाळाला पाजायच्या खोल्या आहेत, आत शिरताच त्या कुठे आहेत ते विचारून ठेवा.

गाडीचे नियम इथल्यासारखे सैल नाहीत. अमिरातीत चार वर्षांखालच्या मुलाला गाडीत चाइल्ड सीट सक्तीची आहे. सिंगापुरात टॅक्सीला सूट आहे, पण अ‍ॅपवरून येणाऱ्या खासगी गाडीला नाही, तिथे सीटवाली गाडीच मागवा. सोपा मार्ग मेट्रोचा, लहानग्यांना तिकीट नाही. दुबई विमानतळाच्या टर्मिनल १ आणि ३ ला मेट्रो आहे, टर्मिनल २ ला नाही. मेट्रोत खाणं-पिणं दोन्ही शहरांत दंडाचं आहे, बिस्किटाचा पुडा आधीच आत ठेवा.

सावध: तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा वर ताप, किंवा कोणत्याही वयाच्या बाळाला सहा-आठ तास लघवी नाही, दूध ओढत नाही, श्वास जोरात, यांपैकी काहीही दिसलं तर घरी फोन करून सल्ला घेत बसू नका. विमा कंपनीच्या मदत क्रमांकाशी एकाने बोलायचं, दुसऱ्याने बाळाला घेऊन दवाखाना गाठायचा. आपत्कालीन क्रमांक आणि हॉटेलचा पत्ता दोघांच्याही फोनमध्ये आधीच साठवलेला हवा.

## टप्पा ९: परतीचा प्रवास

मुंबईत रात्री उतरून लगेच रात्रीच्या गाडीने पुढे, हा बेत मोठ्यांनाही जड जातो. दुपारपर्यंत उतरणारं विमान घ्या, किंवा पुन्हा एक रात्र विमानतळाजवळ थांबा. दुसऱ्या दिवशी लगेच कामावर हजर व्हायचं ठरवू नका, सोमवार हाताशी ठेवा.

पाहुणे बाळाला बघायला त्याच संध्याकाळी येतात. त्यांना दोन दिवसांनी बोलवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बाळाला ताप, पुरळ किंवा जुलाब झाले तर कोणत्या देशात, कोणत्या तारखांना गेला होतात हे डॉक्टरांना आपणहून सांगा, आणि लसीकरणाच्या कार्डासोबत बोर्डिंग पासही दाखवा.